पडल्याच्या सत्तावन्न नोंदी

सकाळी दहा वाजता रजिस्टरबाईंनी संगणकाचं बटण दाबलं तेव्हा चारच्या बैठकीला सहा तास होते. सहा तासांत लोक बिऱ्हाड हलवतात, असं म्हणून त्यांनी आधी टेबल पुसलं, मग चष्मा पुसला आणि मग पडद्यासमोर ऐसपैस बसल्या. ती पाच मिनिटं पुढे किती महाग पडणार होती ते कळलं असतं, तर त्यांनी चष्मा तसाच धुळीचा चढवला असता.

त्या वृद्धनिवासात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. कोण किती जेवलं, कोणाला कोणती गोळी दिली, कोणाच्या मुलाचा फोन आला, कोण कुठे पडलं, हे सगळं एकोणीस वर्षं लिहून ठेवणाऱ्या त्या रजिस्टरबाई. आणि त्यातल्या ‘कोण पडलं’ या रकान्यावरूनच आज सगळं पेटलं होतं.

गेल्या दोन वर्षांत निवासातली म्हातारी माणसं त्रेचाळीस वेळा पडली होती. त्यातली एकोणतीस वेळा पहाटेच्या पाळीत. पहाटेच्या पाळीला सेविका म्हणून होत्या रजिस्टरबाईंच्या सख्ख्या नणंदबाई. अधीक्षक दोन वर्षांपूर्वीच नव्याने आलेले. त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले आणि मोकळे झाले: हलगर्जीपणा. चार वाजता बैठक, बैठकीत नणंदबाईंच्या हातात पत्र, आणि उद्यापासून घरी बसा.

“माझ्याकडे चार वर्षांच्या नोंदी आहेत, रोजच्या रोज सही झालेल्या. मी मोजून दाखवते,” रजिस्टरबाई म्हणाल्या होत्या.

“तुम्ही त्यांच्या भावजय,” अधीक्षक अगदी मऊ आवाजात म्हणाले होते. “तुम्ही मोजलेलं कसं चालेल, सांगा बरं?”

शेवटी दर आठवड्याला तपासणीला येणाऱ्या डॉक्टरबाई मध्ये पडल्या. आकडेवारीचं विश्लेषण करणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्यात चालणारी एक तयार फाइल त्यांनी पाठवून दिली. सॉफ्टवेअर बसवायचं, फाइल चालवायची, नोंदींचा तक्ता तिच्यापुढे टाकायचा, की तास, वार, महिना, पाळी अशा सगळ्यांचे आलेख आपले आपण निघतात. यंत्र कोणाची भावजय नसतं. अधीक्षकांना नाही म्हणता आलं नाही.

रजिस्टरबाईंनी आठवडाभर खपून चार वर्षांतल्या सत्तावन्न नोंदी संगणकात चढवल्या. उत्तर तर त्यांना आधीच ठाऊक होतं. दर मंगळवारी फरशीला चोपडतात ते नवं पॉलिश. वर्षभर त्या ओरडून सांगत होत्या. आज फक्त ते यंत्राच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

सॉफ्टवेअरच्या यादीत ते नाव सापडलं. त्यांनी ‘बसवा’वर टिचकी मारली. एक वर्तुळ गरगरलं, दमलं, थांबलं. परत ‘बसवा’. पुन्हा टिचकी, पुन्हा गरगर, पुन्हा ‘बसवा’. पाचव्यांदा हे झाल्यावर त्यांनी दिराला फोन लावला.

हा संगणक म्हणजे दिराचीच कृपा. चार वर्षांपूर्वी जुनं डबडं उघडून त्याने त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं. “फुकट आहे वहिनी, सगळ्यांसाठी खुलं आहे. जन्मभर बघायला नको!” त्यातलं ‘बघायला नको’ हे त्याने स्वतःपुरतं तंतोतंत पाळलं होतं. आता तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, आणि त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता, कारण तो खरंच लिफ्टच्या विहिरीत होता.

“बटणावर जाऊच नका वहिनी. टर्मिनल उघडा. काळी चौकट. त्यात आज्ञा लिहायची.”

“मी आज्ञा करायची? माझं घरात तरी कोणी ऐकलंय का?”

“मी सांगतो तसं लिहा.”

एकेक अक्षर तो सांगत गेला आणि त्या एका बोटाने टिपत गेल्या. मग यंत्राने परवलीचा शब्द मागितला. रजिस्टरबाईंनी दाबलं, तर काही उमटेना. पुन्हा दाबलं. कळफलक उलटा करून झटकला.

“भावोजी, अक्षरं मेली वाटतं.”

“मेली नाहीत. ती दिसतच नाहीत. लपवून ठेवतात.”

“कोणापासून? खोलीत मी एकटी आहे!”

आंधळ्यासारखं चाचपडत तिसऱ्या खेपेला शब्द बरोबर पडला. लगेच लाल ओळ आली. रजिस्टरबाईंनी वाचून दाखवली.

“म्हणजे दुसरं कोणीतरी आत काम करतंय, तोवर थांबा म्हणतंय,” दीर म्हणाला.

“आत कोण गेलं?”

“तोच तो. स्वतःला अपडेट करतोय. सकाळी विचारलं होतं का त्याने?”

विचारलं होतं. तो रोजच विचारायचा, आणि चार वर्षं रोज रजिस्टरबाई ‘नंतर’वर टिचकी मारून चहाला जायच्या. आज मात्र त्यांनी ‘आत्ता’ दाबलं होतं.

“आजच? वहिनी, आजच कशाला?”

“म्हटलं आज त्याची गरज आहे, तर जरा चांगलं वागावं.”

पलीकडे कुठलीतरी साखळी खणखणली. मग दीर म्हणाला, “मध्येच बंद करू नका, अर्धवट राहिलं तर उठणारच नाही. चार वर्षांचं साचलंय. होऊ दे,” आणि विहिरीत गडप झाला.

पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. बारा टक्के. तेरा टक्के. रजिस्टरबाईंनी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, म्हणून त्या दर अर्ध्या मिनिटाने बघत होत्या.

साडेअकराला नणंदबाई दोन कप चहा घेऊन आल्या. पाळी संपायला अजून वेळ होता, पण खांद्यावर पिशवी होती. पिशवीतून चपला, कंगवा आणि कपाटाचं कुलूप डोकावत होतं.

“आतापासूनच आवरलंत होय, ताई?”

“मग? चार वाजता चारचौघांसमोर कपाट रिकामं करत बसू? पत्र घ्यायचं आणि चालू लागायचं.” त्यांनी पडद्याकडे पाहिलं. “काय म्हणतोय तुझा वकील?”

“चाळीस टक्के म्हणतोय.”

“तेवढंच वाचवणार का मला?”

“हसू नका. एवढ्याशा कामाने माझा जीव टांगणीला लागलाय.”

“नोकरी माझी चाललीय आणि जीव तुझा टांगणीला! लग्नात मांडवात आलीस तेव्हापासून तू अशीच, दुसऱ्याचं दुखणं आधी स्वतःला लावून घ्यायचं.” नणंदबाई खुर्ची ओढून बसल्या. वीस वर्षं एका घरात दोघींनी एकमेकींना सुखाने जेवू दिलं नव्हतं, आणि एकमेकींवाचून दोघींना जेवणही गेलं नव्हतं. “खरं सांगू? मी एकाचाही हात सोडलेला नाही. कोपऱ्यातल्या खोलीतले मास्तर, त्यांना मी दंडाला धरून उभं करत होते, तरी गेले खाली. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात. सगळे तेच म्हणतात.”

“कधी म्हणाले? मला नाही सांगितलंत.”

“सांगितलं होतं की. तू म्हणालीस, त्याला रकाना नाही.”

रजिस्टरबाईंनी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. “फरशीच आहे ती, ताई. मंगळवारचं पॉलिश. बघालच तुम्ही.”

“बघेन हो, वर्षभर तेच ऐकतेय,” म्हणून नणंदबाई उठल्या. जाता जाता पिशवी मात्र तिथेच कोपऱ्यात ठेवून गेल्या.

साडेबाराला पट्टी एकदाची भरली. रजिस्टरबाईंनी देवाचं नाव घेऊन ती आज्ञा पुन्हा लिहिली. आता यंत्राने यादी वाचायला सुरुवात केली. हे सॉफ्टवेअर यायचं तर आधी ते हवं, ते यायचं तर आणखी ते, आणि त्याच्याशिवाय हे पाऊल टाकणार नाही. कार्याला बोलावलेल्या सासरच्या मंडळींसारखं: मावशी आल्या तरच आत्या येणार, आणि मावशींना न्यायला जावयाने जायला हवं. सगळ्यांना मिळून आणायचं का, असं त्याने विचारलं. “आण बाबा, सगळं खानदान आण,” म्हणत त्यांनी होकार दिला. ओळी भराभर पळू लागल्या. रजिस्टरबाईंनी डबा उघडला, पहिला घास तोंडाशी नेला, आणि ओळी थांबल्या.

जागा शिल्लक नाही.

त्यांनी घास परत डब्यात ठेवला. हा संगणक म्हणजे काय, आठ-दहा तक्ते आणि निवासाच्या सहलीचे चार फोटो. एवढ्याने भरतो कसा? दिराचा फोन लागेना. लागला, तर तो उचलेना. तो विहिरीतून वर येईपर्यंत सव्वा वाजला. तोपर्यंत त्यांनी सहलीचे फोटो पुसून टाकले होते आणि त्याने तसूभर फरक पडला नव्हता.

“फोटो कशाला पुसलेत? त्या तुमच्या खोलीत होते, तुमची खोली रिकामीच आहे,” दीर कळवळून म्हणाला. “डिस्कच्या दोन खोल्या केल्यात मी. एक तुमची, एक त्याची स्वतःची. त्याची भरलीय.”

“त्याने काय भरलंय त्याच्या खोलीत?”

“तेच शोधू. लिहा.”

शोध लागला. एकच फाइल, अजगरासारखी सुस्तावलेली, सगळी खोली व्यापून बसलेली. ती यंत्राची रोजनिशी होती. काही बिघडलं की तो त्यात लिहून ठेवतो, दीर म्हणाला. जुनी पानं आपोआप टाकून द्यायची सोय असते, पण ती चालू करायची मीच विसरलो, हे त्याने जरा हळू आवाजात सांगितलं. आणि रजिस्टरबाईंनी शेवटच्या काही ओळी उघडायची आज्ञा दिली. सगळ्या ओळी सारख्या. फक्त वेळ बदलत गेलेली.

छपाईयंत्र सापडत नाही. छपाईयंत्र सापडत नाही. छपाईयंत्र सापडत नाही.

नवे अधीक्षक आले त्या आठवड्यात इथलं छपाईयंत्र उचलून त्यांच्या खोलीत नेलं होतं. माणसांना सांगितलं होतं, संगणकाला सांगायचं कोणाच्या डोक्यात येणार? तो बिचारा तेव्हापासून दर क्षणाला शोधत होता, आणि न सापडल्याचं इमानेइतबारे लिहीत होता. कोणी वाचलं नाही. रजिस्टरबाईंना क्षणभर त्याची दया आली. रोज तीच नोंद, आणि वरून जागा व्यापतोस म्हणून शिव्या.

“पुसू का?” त्यांनी विचारलं.

“पुसा. शून्य करा.”

एका ओळीत दोन वर्षांचं गाऱ्हाणं नाहीसं झालं. अर्धवट आलेली सासरची मंडळी आता रुसून बसली होती, त्यांची समजूत घालायला आणखी तीन आज्ञा लागल्या. दोन वाजून वीस मिनिटांनी ओळी थांबल्या, या वेळी लाल रंगाशिवाय. सॉफ्टवेअर बसलं होतं. रजिस्टरबाईंना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण खोलीत कोणी नव्हतं, आणि दीर परत विहिरीत गेला होता.

त्यांनी डॉक्टरबाईंची फाइल उघडली, तक्ता पुढे ठेवला आणि चालवली.

आलेख आला. दोन रेघा, उभी आणि आडवी. मध्ये काही नाही. खाली एक ओळ: नोंदी सत्तावन्न, त्यातल्या वापरता येण्याजोग्या शून्य.

रजिस्टरबाईंनी चष्मा काढला. चष्मा घातला. शून्यच. दहा वाजल्यापासून एवढा उपास-तापास केला तो या शून्यासाठी! त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की डब्याचं झाकण खाली पडून गोल गोल फिरलं आणि त्या वर्तुळासारखंच दमून थांबलं.

फोन डॉक्टरबाईंनी उचलला. “तक्ता पाठवा बघू.” डॉक्टरबाईंनी तक्ता उघडला. “अहो, हे आकडे!”

“बरोबर आहेत आकडे. दोनदा ताडून पाहिलेत मी.”

“बरोबर आहेत हो. पण मराठीत आहेत. तारखा, वेळा, सगळं मराठी आकड्यांत. माझ्या फाइलला ते आकडे वाटतच नाहीत, अक्षरं वाटतात.”

रजिस्टरबाईंचं तोंड उघडं राहिलं. एकोणीस वर्षं त्या रजिस्टरात मराठी आकडे लिहीत आल्या होत्या. त्यांचा सात बघून माणसं अक्षराची तारीफ करायची. टंकतानाही त्यांनी मुद्दाम मराठीच आकडे शोधून शोधून टाकले होते, रजिस्टराशी जुळायला नको का? आणि हा शहाणा म्हणतो, मला वाचता येत नाही.

“शोधा आणि बदला असं असतं बघा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “एकेक आकडा बदला. दहाच तर आहेत. मी निघतेच आहे तिकडे यायला.”

शून्यापासून सुरुवात केली. एक. दोन. प्रत्येक आकड्यागणिक यंत्र विचारत होतं, नक्की ना? नक्की रे बाबा. पाचाच्या वेळी वीज लुकलुकली आणि त्यांनी श्वास रोखून धरला. सातावर त्या अंमळ रेंगाळल्या. नऊ झाला तेव्हा सव्वातीन वाजले होते.

फाइल पुन्हा चालवली.

या वेळी पडदा भरला. रजिस्टरबाईंनी सगळं सोडून आधी वारांचा आलेख गाठला. मंगळवारचा खांब शोधला. तो बुटका होता. सात. रविवार नऊ, शुक्रवार नऊ, आणि मंगळवार आपला सात. रविवारी निवासात कोणी फरशीला हातसुद्धा लावत नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. वर्षभर ज्या पॉलिशवर त्यांनी तोंडसुख घेतलं होतं, ते निर्दोष होतं.

मग ताईच?

त्यांनी पाळीचा आलेख बघितला. ताई अकरा वर्षं पहाटेच्याच पाळीला होत्या. या तक्त्यातल्या पहिल्या दोन वर्षांत त्या पाळीत फक्त चारजण पडले होते. पुढच्या दोन वर्षांत एकोणतीस. माणूस तोच, फरशी तीच. आणि ताई रजेवर असताना बदलीच्या बाईच्या हातूनही पाचजण पडले होते. तासांच्या आलेखात साडेसहा ते साडेसातच्या जागी एक खांब ताडासारखा वर गेला होता. महिन्यांचा आलेख पाहिला. काही नाही, काही नाही, मग एका महिन्यापासून एकदम चढ, जणू कोणी पायरीच बांधली.

त्या महिन्यात काय झालं होतं?

नवे अधीक्षक त्याच्या पुढच्या महिन्यात आले. पॉलिश तर त्याहून उशिरा. रजिस्टरबाई उठल्या. कपाटातून आदेशवही काढली, धूळ झटकली, पानं उलटली. त्या महिन्यात एकच आदेश होता. ‘रक्तदाबाच्या गोळ्या सकाळी नऊ वाजता नाश्त्यानंतर न देता पहाटे सहा वाजता द्याव्यात, जेणेकरून औषधांच्या नोंदी एकाच पानावर येतील व दहा वाजता रजिस्टर बंद करता येईल.’ खाली आधीच्या अधीक्षकांची सही. शेजारी त्यांनीच लिहिलेला शेरा: उत्तम सूचना.

सूचना कोणाची, ते लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती. आदेशातल्या नऊ-सहा-दहाचा तो सुबक वळणदार हात अख्ख्या निवासात एकाच बाईचा होता.

रिकाम्या पोटी रक्तदाबाची गोळी, आणि अर्ध्या तासात उभं राहा. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात. त्याला रकाना नाही.

रजिस्टरबाईंनी त्या पानात खूण घातली. दारात नणंदबाई आल्या, तोंड धुऊन, केस नीट करून, पत्र घ्यायच्या तयारीने.

“झालं का तुझं? पावणेचार झालेत. काय निघालं, फरशी?”

“फरशी नाही.”

नणंदबाईंचा चेहरा उतरला. पण आवाज चढाच. “मग मी. बोल ना, घाबरतेस कशाला?”

“तुम्ही पण नाही.” रजिस्टरबाईंनी वही त्यांच्यापुढे धरली. नणंदबाईंनी वाचलं, ओठ हलवत, सावकाश. मग पान खाली केलं.

“हे अक्षर तुझं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“एका पानावर नोंदी याव्यात म्हणून?”

“हो, ताई.”

नणंदबाईंनी वही टेबलावर ठेवली. त्यांनी कोपऱ्यातली पिशवी उचलली, परत ठेवली. “ते पान कोणाला दिसलं नाही, नुसते आलेख दाखवले, तरी माझं काम भागेल,” त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या.

“आणि उद्या सहाला गोळ्या परत देणार कोण? तुम्हीच ना?” रजिस्टरबाईंनी नाक पुसलं. “हटा, मला छापायचंय.”

त्यांनी छपाईची आज्ञा दिली. पडद्यावर एक छोटी चौकट उघडली: छपाईयंत्र सापडत नाही.

दोघींनी ती वाचली. आधी नणंदबाईंना हसू फुटलं, मग रजिस्टरबाईंना, आणि त्या हसता हसता रडायला लागल्या.

“रडायला वेळ नाही,” नणंदबाई म्हणाल्या. “धुण्याची ढकलगाडी आणते. तुझा वकील आहे तसाच उचलून नेऊ.”

बैठकीच्या खोलीत अधीक्षक, डॉक्टरबाई आणि टेबलावर पाकिटात ते पत्र होतं. चादरींच्या गाडीवरून संगणक आत आला, मागे नणंदबाई ढकलत, पुढे रजिस्टरबाई तारा सांभाळत. अधीक्षकांनी काही म्हणायला तोंड उघडलं, तोवर नणंदबाईंनी त्यांच्या पंख्याची पिन काढून तिथे संगणकाची लावली होती.

संगणक पुन्हा सुरू झाल्यावर रजिस्टरबाईंनी फाइल परत चालवली आणि आलेख एकामागून एक दाखवले. डॉक्टरबाई तासांच्या खांबापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “त्या महिन्यात औषधांत काही बदल झाला होता का?”

“औषधांत नाही. वेळेत.” रजिस्टरबाईंनी वही उघडून ठेवली. “सूचना माझी. तुम्हाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. साहेब, त्या पत्रावरचं नाव बदला. हलगर्जीपणा हा शब्द तसाच राहू द्या.”

डॉक्टरबाईंनी पान वाचलं आणि पेन काढून त्याच पानाच्या खाली लिहिलं: गोळ्या उद्यापासून नाश्त्यानंतर. अधीक्षकांनी पाकीट उचललं, उलटसुलट केलं आणि खणात टाकलं. “तुमचं काय करायचं ते सोमवारी बघू,” ते रजिस्टरबाईंना म्हणाले. आवाज मऊ नव्हता, पण सरळ होता. मग त्यांचं लक्ष पडद्यावर परत उघडलेल्या छोट्या चौकटीकडे गेलं. “हे काय, छपाईयंत्र सापडत नाही?”

“तुमच्याच खोलीत आहे ते,” नणंदबाई म्हणाल्या. “दोन वर्षं शोधतोय बिचारा.”

गाडी ढकलत दोघी नोंदींच्या खोलीत परतल्या. नणंदबाईंनी पिशवीतून कुलूप काढलं आणि किल्ली कमरेला लावली. रजिस्टरबाई टेबलाशी बसल्या. आजचं पान उघडलं, पट्टी ठेवली आणि उजव्या कडेला एक नवी रेघ ओढली. जागा अरुंद होती, म्हणून रकाना वाकडा झाला. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून वाकडी रेघ पहिल्यांदाच निघाली होती. वर त्यांनी लिहिलं: अंधारी.

“बोला ताई,” त्या वर न बघता म्हणाल्या. “आज सकाळी कोणाकोणाला आली?”

“मास्तरांना,” नणंदबाई खुर्ची ओढत म्हणाल्या. “आणि खिडकीजवळच्या आजींना, दोनदा. लिही. आणि चहा सांग कोणालातरी, सकाळचा तू गार केलास.”